शुक्राचा खडा दुधात बुडवण्याआधी

पत्रिकेत शुक्र कमजोर निघाला की हिरा घाला म्हणून सांगतात, आणि हिऱ्याची किंमत ऐकून समोरचा गप्प झाला की ओपलचं नाव निघतं. आपल्याकडे ओपल खपतो तो बहुतेक असा, हिऱ्याचं उपरत्न म्हणून. वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या बाजारात राशीच्या खड्यांचं एखादं दुकान असतंच. तिथे दुधी अंगाचा, हलवला की आत हिरव्या-तांबड्या ठिणग्या पेटणारा खडा चांदीच्या अंगठीत बसवून मिळतो आणि त्याबरोबर विधीही सांगितला जातो. शुक्रवारी सकाळी कच्च्या दुधात, गंगाजलात बुडवून ठेवा. कोणी म्हणतं, पंचामृतात ठेवा. खड्याची मागची बाजू उघडी हवी, म्हणजे तो कातडीला टेकेल. उजव्या हातात घाला आणि एकदा घातली की काढू नका.

ग्रहांचं काय मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला बोलायचंय ते खड्याबद्दल, आणि त्याच्या प्रकृतीला यापेक्षा वाईट पथ्य शोधूनही सापडायचं नाही. काही काळाने अंगठी परत दुकानात येते. खडा मळकट पिवळा झालेला असतो, किंवा कडेला टवका उडालेला, किंवा अंगावर बारीक तड्यांची जाळी पडलेली. दुकानदार म्हणतो, ओपल नाजूकच असतो हो. गिऱ्हाईक म्हणतं, शुक्राने पीडा आपल्यावर घेतली. दोघांचंही समाधान होतं. खरं कारण निराळं असतं आणि ते बहुधा टाळता आलं असतं.

ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे, एकेक साधारण १५० ते ३०० नॅनोमीटरचा, एकावर एक शिस्तीत रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून प्रकाश वाकून बाहेर पडताना रंग फुटतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ही रचना पाहिली, तोवर ओपलच्या रंगांचं कोडं सुटलेलं नव्हतं. गोळे सारख्या आकाराचे आणि नीट रचलेले असले तर रंग खेळतो. वेडेवाकडे असले तर नुसता दुधी दगड उरतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये अकीक आणि कॅल्सेडनीबरोबर असा साधा, रंग न खेळणारा ओपलही सापडतो. विहीर खणताना पांढरा चकचकीत खडा निघाला म्हणून सराफाकडे धावत जाण्याचं कारण नाही.

स्फटिकही सिलिकाचाच, पण त्यात पाणी नाही आणि अणूंची बांधणी पक्की. नालासोपाऱ्यात बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, तेव्हा आतून एकात एक ठेवलेल्या डब्या निघाल्या आणि त्यांतली एक स्फटिकाची होती. शतकानुशतकं मातीखाली राहून ती शाबूत होती. ओपलकडून एवढी अपेक्षा धरू नये. स्फटिकाचा कठीणपणा मोसच्या मापावर ७, ओपलचा साडेपाच ते साडेसहा. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण धूळ ही बऱ्याच अंशी क्वार्ट्‌झचीच भुकटी असते, म्हणजे ७ कठीणपणाची. हायवेवरून आलेली, बांधकामांची, समुद्रकाठच्या वाळूची. अंगठीवर धूळ दिसली की आपण ती सदऱ्याला किंवा पदराला घासून पुसतो आणि नेमका तिथेच ओरखडा पाडतो. आधी फुंकर मारा, मऊ ओल्या फडक्याने धूळ टिपून घ्या, मग पुसा. खड्याचं पाणी उतरलं असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा अशा असंख्य बारीक ओरखड्यांमुळे असतं, आणि निष्णात कारागीर ते पुन्हा पॉलिश करून काढू शकतो.

ओरखडा, टवका आणि तडा या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. ओरखड्याचं कारण धूळ, टवक्याचं कारण ठोकर. तड्याचं कारण बहुतेकदा पाणी आणि उष्णता, आणि एकदा गेलेला तडा सांधता येत नाही. राळेने तो झाकता येतो, इतकंच. म्हणून पाण्याबद्दल जरा सविस्तर.

सगळे ओपल पाण्याशी सारखे वागत नाहीत. जुना नावाजलेला ओपल ऑस्ट्रेलियाचा. लाइटनिंग रिजचा काळा, कूबर पीडीचा पांढरा, क्वीन्सलँडचा लोखंडी दगडासकट कापलेला बोल्डर ओपल. त्यातलं पाणी वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के असतं आणि ते आत बंदिस्त असतं. हा खडा पाणी आत घेत नाही आणि सहजासहजी सोडतही नाही. २००८ नंतर बाजाराचं चित्र पालटलं, कारण इथिओपियाच्या वोलो प्रांतात वेगेल टेना गावाजवळ ओपलचा मोठा साठा सापडला. त्यातला बराच माल जयपूरला येऊन कापला जातो. किंमत ऑस्ट्रेलियनच्या मानाने पुष्कळ कमी, रंग झगझगीत. राशीच्या दुकानात आज तुमच्या हातात पडणारा ओपल बहुधा हाच. तो सच्छिद्र असतो, कोऱ्या मडक्यासारखा पाणी पितो. रत्नशास्त्रात अशा ओपलला हायड्रोफेन म्हणतात.

पाण्यात टाकलेला हायड्रोफेन काही वेळाने काचेसारखा आरपार दिसू लागतो आणि रंग गायब होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. घाबरू नका. मऊ कागदावर, सावलीत, वाऱ्याला ठेवून द्या. पाणी उडालं की रंग परत येतो. त्याला काही तास लागतात, कधी काही दिवस. हेअर ड्रायर लावू नका, उन्हात ठेवू नका, कारण बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर सुकला की ताण पडतो. साध्या पाण्याने वोलोच्या खड्याचं सहसा नुकसान होत नाही. नुकसान होतं ते पाण्यातून आत शिरणाऱ्या गोष्टींनी. दुधातली स्निग्धता, मध, साखर, तूप, हळद, खोबरेल, साबण, अत्तर. पाणी उडून जातं, या गोष्टी आतच राहतात आणि खडा पिवळट, धुरकट होत जातो. त्या बाहेर काढण्याचा खात्रीचा उपाय नाही.

साखरेची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात अँडामूका इथल्या सच्छिद्र ओपलला काळा करण्याची जुनी रीत अशी की तो साखरेच्या पाकात मुरवायचा आणि मग गंधकाम्लात टाकायचा. आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि त्या काळ्या पार्श्वभूमीवर रंग उठून दिसतात. तेव्हा पंचामृतात न्हालेली अंगठी पुढे कधी सोनाराच्या तेजाबात पडली तर काय होऊ शकतं याचा अंदाज यावा.

यातून धर्मही राहील आणि खडाही, अशी वाट आहे. दुधाची वाटी शेजारी ठेवा, अंगठी तांदळाच्या ताटलीत किंवा पांढऱ्या फुलावर ठेवा, फुलाने एखादा शिंतोडा द्या आणि लगेच टिपून घ्या. आपल्याकडे कितीतरी पूजांमध्ये स्नान शिंतोड्यावर भागवतात. कागदाच्या तसबिरीला कोणी पाण्यात बुडवत नाही. गुरुजींना खड्याची अडचण नीट सांगितली तर ते अडून बसत नाहीत. आणि बुडवायचंच असेल तर वोलोचा घेऊ नका, ऑस्ट्रेलियन अखंड ओपल घ्या. तो लहान मिळाला तरी चालेल.

आता घेताना काय पाहायचं. पहिली गोष्ट, खडा सुटा पाहा आणि मग बसवायला द्या. बसवलेल्या अंगठीत खड्याची कड आणि पाठ झाकली जाते आणि सगळी मेख तिथेच असते. सुट्या खड्याला कडेने, दहापट भिंगातून पाहा. सरळ रेघ दिसली आणि रेघेच्या वर रंग, खाली काळा किंवा तपकिरी भाग असला, तर तो डब्लेट, म्हणजे ओपलची पातळ चकती दुसऱ्या दगडावर चिकटवलेली. वर काचेचा किंवा स्फटिकाचा पारदर्शक घुमट आणखी असला तर तो ट्रिप्लेट. दोन्ही प्रकार वाईट नाहीत, ट्रिप्लेटवर ओरखडे तर कमीच पडतात. पण ते गोंदावर उभे असतात. पुन्हा पुन्हा पाण्यात गेले की थरांमध्ये ओल शिरते आणि कडेपासून पांढुरकं धुकं आत सरकतं. ते स्वस्त असावेत आणि तसे सांगून विकलेले असावेत, एवढीच अट. बोल्डर ओपलच्या मागेही दगड असतो, पण तो नैसर्गिकरीत्या जोडलेला, आणि तिथली सीमारेषा वेडीवाकडी दिसते.

दुसरी गोष्ट, पाण्याचा थेंब. दुकानदाराला सांगून सुट्या खड्याच्या पाठीवर एक थेंब ठेवा. थेंब तसाच राहिला तर खडा बंदिस्त, हळूहळू मुरला तर हायड्रोफेन. काही जुने व्यापारी जिभेला लावून पाहतात, सच्छिद्र खडा जिभेला चिकटतो. दुकानात हे करायचं की नाही ते तुम्ही बघा.

तिसरी गोष्ट वजनाची. २०१० साली 'जेम्स अँड जेमॉलॉजी' या नियतकालिकात वोलोच्या ओपलवर पहिला मोठा अभ्यास आला. त्यात काही खड्यांचं वजन भिजल्यावर दहा टक्क्यांच्या आसपास वाढलेलं आढळलं. म्हणजे पाच कॅरेटचा खडा भिजून साडेपाचाचा होऊ शकतो, आणि पैसे वजनावर मोजले जातात. पाण्याच्या बाटलीतून काढून तोललेला ओपल घेऊ नका, कोरडा असताना तोलून मागा. शिवाय ज्योतिषी सव्वापाच रत्ती, सव्वासात रत्ती असं सांगतात आणि रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं. कॅरेट म्हणजे मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅम. पावतीवर कॅरेटमध्येच वजन लिहून घ्या. अंगठी सोन्याची असेल तर एकूण वजन आणि खडा वगळून सोन्याचं वजन वेगळं लिहिलेलं हवं, नाहीतर ओपलला सोन्याचा भाव लागायचा. हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक सोन्याच्या शुद्धतेचा आहे, खड्याबद्दल तो काहीही सांगत नाही. खड्याची किंमत खटकण्याइतकी असेल तर मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. त्यात खडा नैसर्गिक आहे की कृत्रिम, त्यावर प्रक्रिया झाली आहे का, हे कळतं. काळाभोर ओपल स्वस्तात मिळत असेल तर हा खर्च कराच, कारण इथिओपियाचा ओपल धुरात किंवा साखर-आम्लाने काळा केलेला पुष्कळ असतो.

देशाच्या नावावर फार विसंबू नका. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात ओपलची जननी हिंदुस्थान म्हणून लिहून ठेवलं. संशोधकांचा कल असा की ते खडे आजच्या स्लोव्हाकियातल्या डोंगरांतले असावेत. म्हणजे ओपलच्या मूळ गावाबद्दल गिऱ्हाइकाची समजूत चुकीची करून देण्याची परंपरा चांगली दोन हजार वर्षांची दिसते. 'ऑस्ट्रेलियन' या शब्दापेक्षा थेंब जास्त खरं बोलतो.

अजून एक नकली प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो. नालासोपारा-विरारच्या चाळींत घरबसल्या इमिटेशनचे दागिने जोडणाऱ्या, खडे चिकटवणाऱ्या बायका भरपूर. त्यांच्याकडे येणाऱ्या पाकिटांत 'ओपल' म्हणून जो दुधी-निळसर मणी असतो तो ओपलाइट, म्हणजे काच. प्रकाशाकडे धरला तर केशरी झाक दिसते, पण रंगांचे ठिपके खेळत नाहीत. पन्नास-शंभराच्या कानातल्यात तो शोभतो आणि पाण्याला भीत नाही. फसवणूक सुरू होते ती त्याच मण्याला चांदीत बसवून शुक्राचं रत्न म्हणून विकल्यावर. कारखान्यात बनवलेला खरोखरीचा ओपलही असतो. फ्रान्सच्या पिएर जिल्सोंने तो १९७४ च्या सुमारास बाजारात आणला. त्यात रंग खेळतात, पण कडेने पाहिलं तर रंगांचे उभे खांब आणि वरून सरड्याच्या कातडीची नक्षी दिसते. दागिना म्हणून तो मजेत वापरा.

खडा घेतला. आता तो कुठे घालायचा? माझं मत विचाराल तर पहिली पसंती लॉकेटला, दुसरी कानातल्यांना, अंगठीला शेवटची. लॉकेट छातीला टेकतं, पाठ उघडी ठेवली तर ज्योतिषाची स्पर्शाची अटही पुरी होते आणि हाताची मारझोड टळते. आपल्याकडचा हात दिवसभर काय काय करतो पाहा. सकाळच्या विरार लोकलमध्ये दाराजवळचा स्टीलचा खांब धरला जातो, आणि मागून रेटा आला की बोट त्यावर आपटतं. घरी गरम तव्याचा कान धरलेला हात तसाच नळाखाली जातो. भांड्यांच्या पावडरीत खर असते. पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला मासळी निवडणाऱ्या बाईचा हात बर्फात आणि खाऱ्या पाण्यात असतो आणि मधेच चुलीशी. एका क्षणात गार, दुसऱ्या क्षणात गरम, हे ओपलला सगळ्यात जास्त बाधतं.

तरीही ओपल म्हणजे हात लावला की फुटणारी वस्तू नव्हे. २०१० च्या त्याच अभ्यासात वोलोचे काही घुमटाकार खडे दीड मीटरवरून काँक्रीटच्या जमिनीवर पुन्हा पुन्हा टाकून पाहिले होते आणि त्यांना इजा झाली नाही. याच देशातल्या मेझेझो भागाचा त्याआधी आलेला ओपल मात्र तडकण्यासाठीच बदनाम होता. तेव्हा 'इथिओपियाचा' एवढ्याने काही ठरत नाही आणि 'नाजूक' एवढ्यानेही नाही. पातळ कापलेला, धारदार कडेचा, चार काट्यांवर उंच उभा केलेला ओपल ठोकरीला बळी पडतो. तोच खडा जाड, कड किंचित गोलावलेली, सोन्याच्या पट्टीत सगळीकडून वेढलेला आणि पट्टीची उंची खड्याच्या कडेच्या जराशी वर, असा बसवला तर रोज नसला तरी सणावारी, लग्नकार्यात अंगठी म्हणून बरीच वर्षं काढतो.

वसईच्या ख्रिस्ती घरांतून हल्ली साखरपुड्याला ओपलची अंगठी मागणारे तरुण भेटतात. कोणाचा जन्म ऑक्टोबरचा, कोणाची चुलत बहीण ऑस्ट्रेलियात. महिन्याप्रमाणे खडे ठरवणारी जी यादी आज छापली जाते ती अमेरिकन जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली मुक्रर केली, आणि त्यात ऑक्टोबरच्या वाट्याला ओपल आला. हौस मोडू नये. पण साखरपुड्याची अंगठी ही जन्मभर, रोज घालायची वस्तू, आणि ओपल त्या नोकरीला योग्य नाही. हवाच असेल तर बोल्डर ओपल घ्या, बुटक्या पट्टीत बसवा. किंवा रोजची अंगठी साधी सोन्याची ठेवा आणि ओपल दुसऱ्या हातात, रविवारच्या मिस्साला.

सोनाराशी बोलताना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. त्याने हे काम पुष्कळ केलेलं असतं, पण माणकं, पुष्कराज आणि अमेरिकन डायमंडवर. झाळण्याचं, घासण्याचं, पॉलिशचं, तेजाबाचं, रोडियमचं सगळं काम खडा बसवण्याआधी पुरं व्हायला हवं. चांदीचं झाळकाम साधारण सातशे अंशांच्या आसपास चालतं. ओपलमधलं पाणी त्याच्या कितीतरी आधी वाफ व्हायला बघतं. पट्टी मऊ धातूची असेल तर ती खड्यावर दाबून वळवता येते, ठोकावी लागत नाही. २२ कॅरेट सोनं किंवा शुद्ध चांदी यासाठी उत्तम. १८ कॅरेटचं पांढरं सोनं टणक, ते वाकवताना कारागिराला जोर लावावा लागतो आणि तो जोर खड्यावर येतो. खड्याखालची बैठक सपाट हवी. एका बाजूला जरी सोन्याचा कण राहिला, तरी दाबताना खडा तिथेच मोडतो. शेवटी पट्टीची कड कानशीने साफ करतात तेव्हा कानस खड्यावर घसरली की रेघ उठते. खड्यावर चिकटपट्टी लावून ठेवली की हे टळतं, पण हायड्रोफेनवर चिकटपट्टीचा गोंद मुरतो, तिथे हात जपूनच चालवावा. बफचं लाल पॉलिश तुपकट असतं, ते सच्छिद्र खड्यात शिरलं की गुलाबी डाग कायमचा. काही कारागीर हे सगळं ऐकून हसतात. त्यांना खडा सुटा दाखवून पाठीवर पाण्याचा थेंब मुरताना दाखवा, मग हसत नाहीत.

स्वतः खडे कापायला शिकणाऱ्यांसाठी थोडं. लाख तापवून खडा काडीवर चिकटवण्याची खंबातची, जयपूरची जुनी रीत अकिकाला चालते. ओपलला लाख शक्य तितकी कोमट लावावी, नाहीतर न तापवता चिकटणारा गोंद घ्यावा. हिऱ्याची चाकं ओली ठेवावीत आणि दाब हलका. बोटाला गरम लागलं म्हणजे उशीर झाला. हायड्रोफेन चाकावर पाणी पिऊन आरपार होतो आणि रंग कुठल्या थरात आहे तेच दिसेनासं होतं, म्हणून कोरडा असतानाच पेन्सिलीने खूण करून ठेवावी. मधेमधे सुकू द्यावा आणि पुन्हा पाहावं. शेवटचं पॉलिश सिरियम ऑक्साइडने मऊ कातड्यावर चांगलं येतं. पाठीची कड थोडी मोडून घ्यावी, टवके तिथूनच सुरू होतात. आणि पाणी बंद ठेवून कोरडं घासू नका, ते खड्यापेक्षा तुमच्यासाठी. सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना सिलिकोसिसने गाठलं आहे. घराच्या गॅलरीत छोटं यंत्र लावून छंद करणाऱ्यांनीही मुखपट्टी बांधावी.

रोजची काळजी सोपी आहे. भांडी, कपडे, स्वयंपाक, अंघोळ, पोहणं यांच्या आधी काढायची. तेल, क्रीम, अत्तर आधी, ओपल शेवटी. चाकावर किंवा कंपनाने दागिने साफ करून देणारी यंत्रं दुकानांत फुकट वापरू देतात. त्यांत ओपल टाकू नका, वाफेखाली धरू नका, चांदी उजळणारी द्रावणंही नकोत. अखंड ऑस्ट्रेलियन ओपल कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतो. हायड्रोफेन आणि ट्रिप्लेट दोन्हींना नुसतं पिळलेलं ओलं फडकं.

साठवण्याबद्दल परदेशी सल्ले वाचून लोक ओपल पाण्यात बुडवून ठेवतात. वाळवंटी हवेतल्या माणसांसाठी त्यात कदाचित तथ्य असेल. आपल्या किनाऱ्यावर हवा मुळातच दमट, पावसाळ्यात तर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते. इथे ओपल मऊ कापडी पिशवीत, इतर दागिन्यांपासून वेगळा, साध्या कपाटात राहू द्या. तेलात ठेवू नका. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा असेल तर डब्यातली सिलिका जेलची पुडी काढून टाका, ती हवेतलं पाणी ओढते. गाडीच्या डॅशबोर्डवर, देव्हाऱ्यातल्या समईजवळ, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर अंगठी काढून ठेवण्याची सवय मोडा.

माप बदलायची वेळ बहुतेकांवर येते, बोटं वयाबरोबर जाड होतात. तेव्हा अंगठी काउंटरवर देऊन निघून येऊ नका. खडा आधी काढून तुमच्या ताब्यात घ्या, काढताना त्याच्या कडेचा आणि पाठीचा मोबाइलवर फोटो घ्या, कोरडा तोलून वजन लिहून घ्या. अंगठी झाळून, घासून, पॉलिश होऊन थंड झाली की खडा परत द्या आणि बसवताना शक्य असेल तर समोर बसा. जुन्या पट्टीची कड पातळ झाली असेल तर नवी पट्टी घालायला सांगा, चार-पाचशे रुपयांसाठी अडू नका. खड्यात आधीपासून बारीक रेघ असेल तर कारागीर ती दाखवेल आणि जबाबदारी घेणार नाही म्हणेल. त्याचं बरोबर आहे. अशा खड्याला पुन्हा अंगठीत घालू नका, लॉकेटची पट्टी करून घ्या.